अळीच्या पाठीवर पांढरे दाणे: परजीवी माश्या ओळखायच्या कशा, आणि त्यांची नावं आली कुठून?

सुरंगी
नमस्कार मंडळी. पावसाळ्यात आमच्याकडे गुहागरात परसातल्या अळूवर जाडजूड हिरव्या अळ्या येतात, मागच्या टोकाला काटा असलेल्या. त्यातल्या एकीच्या पाठीवर तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे दाणे उभे चिकटलेले दिसले. अळी जिवंत आहे, हात लावला की डोकं हलवते, पण खाणं पूर्ण थांबलंय. सासूबाई म्हणाल्या, अंडी आहेत, चिरडून टाक, नाहीतर फदफद्याला पान उरायचं नाही. मी मात्र पानासकट डबीत ठेवली आहे.
दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे दाणे कसले? आणि कुणीतरी ‘ब्रॅकोनिडी’, ‘इक्न्यूमॉनिडी’ अशी नावं सांगितली, ती ठेवतात कशावरून? अर्थ कळला तर माझ्या लक्षात राहतं, नुसतं पाठ करायला गेले तर नाही.

कातळसडा
सुरंगीताई, चिरडू नका! ती अंडी नव्हेत, कोष आहेत, आणि तेही अळीचे नव्हेत. इवल्याशा काळ्या माशीने (घरमाशी नव्हे, गांधीलमाशीच्या नात्यातली) त्या अळीच्या शरीरात केव्हाच अंडी घातली होती. पिल्लं आत वाढली, अळीचं रक्त आणि चरबी खाऊन पोसली, मग कातडीला भोकं पाडून बाहेर आली आणि जागच्या जागी रेशीम विणून कोषात गेली. तुम्हाला दिसतायत ते हे कोष. अळीचं आता फुलपाखरू किंवा पतंग होणार नाही.
कोषांचा घोळका पाठीवर असा उभा दिसला की बहुतेक वेळा कुळ ब्रॅकोनिडी आणि उपकुळ मायक्रोगॅस्ट्रिनी. आता अर्थ बघा: ग्रीकमध्ये ‘मिक्रोस’ म्हणजे लहान, ‘गास्टेर’ म्हणजे पोट. माशी बाहेर आली की भिंगातून पाहा, पोट खरंच तोकडं असतं. जात कोणती ते फोटोवरून सांगता येत नाही, कोणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका.
डबीला मलमलचं फडकं बांधा, घट्ट झाकण नको. आपल्या हवेत दोन दिवसांत बुरशी धरते.

झिलगो
आमच्या न्हाणयेत एक काळो किडो सारको दिसता. ढुंगण झेंड्यासारख्या वर-खाली हलयता. तो पण ह्यातलोच काय?

पडवीतला_दिवा
सासूबाईंना माझा नमस्कार सांग सुरंगी. त्यांचं अगदीच चूक म्हणता येणार नाही, अळीवर पांढरं काही दिसलं तर अंडी असंच कुणालाही वाटणार. युरोपातही सतराव्या शतकात लोक सुरवंट पाळून चित्रं काढत होते, तेव्हा एकाच प्रकारच्या सुरवंटातून कधी फुलपाखरू निघायचं तर कधी माश्यांचा थवा. योहानेस गुडार्ट नावाच्या डच चित्रकाराने १६६२ च्या आपल्या पुस्तकात दोन्ही नोंदवलं, आणि सुरवंटातूनच माश्या जन्मतात असं त्याला वाटलं. त्याने पाहिलं ते खरंच होतं.

कातळसडा
@झिलगो, होय, ह्यातलाच! तो इव्हानिया अपेंडिगॅस्टर. कोकणातल्या घराघरात असतो. काळा, डोळ्यांत निळसर झाक, आणि पोट म्हणजे छातीच्या वरच्या बाजूला बारीक दांडीने जोडलेलं एक छोटं चपटं त्रिकोणी पान. ते तो सारखं हलवतो, तुम्ही झेंडा म्हणालात तो अगदी बरोबर. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये ठेवलेलं ‘अपेंडिगॅस्टर’ हे नाव तेच सांगतं: टांगलेलं पोट. ह्याची पिल्लं झुरळाच्या अंड्यांच्या पाकिटात वाढतात आणि आतली अंडी फस्त करतात. चावत नाही, अन्नावर बसत नाही. झाडूने मारू नका.

झिलगो
आवशीक दाखवतंय. ती रोज चपलेन मारता.

रानजाई
ओळखायच्या प्रश्नाकडे येते. मी रत्नागिरीच्या बाजूला गेली काही वर्षं ह्या माश्यांचे फोटो काढते. नवीन माणसाला तीन मोठे गट आधी वेगळे करता आले तर निम्मं काम होतं.
इक्न्यूमॉनिडी: अंगाने सडपातळ, मिशा लांब आणि सरळ, खूप पेरांच्या, सतत थरथरणाऱ्या. मादीला बरेचदा मागे लांब सुईसारखी अंडनलिका.
ब्रॅकोनिडी: दिसायला तशाच, सहसा लहान. दोघींत फरक पाहायचा पुढच्या पंखात. पंखाच्या बाहेरच्या भागात दोन आडव्या शिरा असतील तर इक्न्यूमॉनिडी, त्यातली बाहेरची दुसरी शीर नसेल तर ब्रॅकोनिडी. अपवाद आहेत, पण बहुतेक वेळा जमतं. ह्यासाठी पंख पसरलेला, वरून घेतलेला फोटो हवा. नुसता बाजूने काढलेला सुंदर फोटो उपयोगी पडत नाही, हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण बाजूनेच काढून पाठवतो!
तिसरा गट कॅल्सिड माश्यांचा. बहुतेक अगदी बारक्या, मिशा कोपरात वाकलेल्या, पंखांवर शिरा जवळजवळ नाहीतच, पुढच्या कडेने एखादी रेघ. कित्येक जणींच्या अंगावर धातूची चमक. नाव ग्रीक ‘खाल्कोस’वरून, म्हणजे तांबं. उन्हात धरलं की हिरवट-तांबूस झळाळी दिसते.
आणि अळी कोणती, झाड कोणतं, तारीख काय, हे लिहून ठेवा. यजमान माहीत नसेल तर माशीची ओळख अर्धीच राहते.

माडवाला
चर्चा वाचतोय. चांगली आहे. पण स्पष्ट बोलतो, ह्या ग्रीक-लॅटिनचा बागायतदाराला काय उपयोग? माझ्या माडांच्या खालच्या झावळ्या उन्हाळ्यात भाजल्यासारख्या होतात. पाती उलटी करून पाहिली तर खाली जाळी आणि विष्ठेची नळी, आत काळ्या डोक्याची अळी. मला उपाय हवा, नावाचा अर्थ नको.

रानजाई
माडवाला, तुमच्याच अळीची गोष्ट ऐका, मग ठरवा.
काळ्या डोक्याच्या अळीचं आजचं नाव ओपिसिना अरेनोसेला. पण जुन्या पुस्तकांत ती नेफँटिस सेरिनोपा म्हणून सापडेल. मेरिक ह्या कीटक-अभ्यासकाने १९०५ मध्ये ते नाव दिलं होतं. पुढे लक्षात आलं की वॉकरने १८६४ मध्येच हा पतंग ओपिसिना म्हणून नोंदवलाय. नियम असा की आधीचं नाव चालतं, त्यामुळे नेफँटिस गेलं.
आता हिच्यावर सोडतात त्यातल्या दोन माश्या: गोनियोझस नेफँटिडिस आणि इलॅस्मस नेफँटिडिस. दोन्हींच्या नावात ‘नेफँटिसची’. अळीचं नाव बदललं तरी माशीच्या नावात जुनं यजमान तसंच राहिलं. म्हणजे ही माशी कुणाच्या जिवावर जगते ते तिच्या नावातच लिहिलंय, आणि ते तुमच्या माडावरचंच आहे. दुकानात कुणी भलतीच माशी ह्या दोघींच्या नावाने देऊ लागला तर लेबलवर हा शब्द शोधा.

नारळीपोफळी
रानजाईंना पुस्ती जोडतो. गोनियोझस मी समोर बसून पाहिली आहे, तीन-चार मिलिमीटरची काळी माशी. अळीच्या जाळीत शिरते, डंख मारून अळीला लुळं करते आणि मग तिच्या अंगावर, बाहेरून, अंडी ओळीने चिकटवते. पुढचं मला फार आवडतं: ती निघून जात नाही. पिल्लं अळीच्या अंगात तोंड खुपसून पीत असतात आणि ही तिथेच राखण करत बसते. दुसरी माशी आली तर अंगावर धावून जाते. बहुतेक परजीवी माश्या अंडी घालून मोकळ्या होतात, ही तशी नाही.
माडवाला, उपायाचं म्हणाल तर गोनियोझस मोठ्या अळीवर, इलॅस्मस कोषात जाण्याच्या बेतात असलेल्या अळीवर, आणि ब्रॅकिमेरिया नावाची तिसरी माशी कोषावर चालते. म्हणून आधी पाती उलटून अळी कोणत्या अवस्थेत आहे ते बघायचं, मग माशी मागवायची. खालच्या फार खराब झावळ्या तोडून जाळा. फवारणी केली असेल तर माश्या सोडण्याआधी निदान तीन आठवडे जाऊ द्या, नाहीतर अळीबरोबर त्याही मरतील. आमच्या बाजूला भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात चौकशी करावी, दापोली कृषी विद्यापीठाचंच आहे.

माडवाला
हे कामाचं. कोष आणि अळी वेगवेगळी माशी, हे कुणी नीट सांगितलं नव्हतं. धन्यवाद.

ओवीबद्ध
थोडं अवांतर, पण मला ते मुद्द्याचंच वाटतं. आपल्याकडे हे किडे पाहणारे लोक नव्हते असं नाही. ‘कीटक-भृंगी न्याय’ सगळ्यांनी ऐकलाय. कुंभारीण, म्हणजे मातीचं घर करणारी माशी, अळी उचलून त्या घरात नेते, तोंड बंद करते, भोवती गुणगुणते, आणि अळी तिचंच ध्यान करता करता स्वतः कुंभारीण होऊन बाहेर येते. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताचे चोवीस गुरू आहेत, त्यातला शेवटचा गुरू हा किडा. नाथमहाराजांनी ह्याच स्कंधावर टीका लिहिली, त्यामुळे मराठीत हा दृष्टांत घरोघरी गेला.
निरीक्षण किती बारकाईचं आहे पाहा. अळी नेलेली दिसते, घर बंद केलेलं दिसतं, गुणगुण ऐकू येते, काही दिवसांनी त्याच घरातून माशी येते. न दिसणारी गोष्ट एकच, आत घातलेलं अंडं.

दर्यावर्दी
मला हा दृष्टांत शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवरचं मातीचं घर दाखवून सांगितला होता. नंतर आम्ही पोरांनी एक घर फोडलं तर आत अळ्या नव्हत्याच, लुळे पडलेले कोळी होते. तो दुसरा किडा का?

कातळसडा
हो, मातीचं घर करणाऱ्या दोन्ही असतात. कोळी भरणारी, बारीक लांब कमरेची ती स्केलिफ्रॉन. अळ्या भरणारी, गोल मडकं करणारी ती युमेनिस आणि तिच्या बहिणी. न्यायातली बहुधा दुसरी.
आणि दर्यावर्दी, तुमचे कोळी थेट ग्रीसला नेतात! अ‍ॅरिस्टॉटलने लिहिलंय की ‘इक्न्यूमॉन’ नावाच्या लहान गांधीलमाश्या कोळी मारून भिंतीच्या भोकात नेतात, भोक चिखलाने लिंपतात, आत पिल्लं घालतात आणि त्यातून पुन्हा तशाच माश्या निघतात. ग्रीक ‘इक्नोस’ म्हणजे पाऊलखूण. इक्न्यूमॉन म्हणजे माग काढणारा. हाच शब्द ते इजिप्तच्या मुंगसालाही वापरत. म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलची इक्न्यूमॉन ही आपली कुंभारीणच. दोन हजार वर्षांनी लिनियसने तो शब्द उचलून सुरवंटांवर जगणाऱ्या माश्यांना दिला, आणि पुढे त्यावरूनच कुळाचं नाव झालं इक्न्यूमॉनिडी. तसं पाहिलं तर ह्या माश्यांनाही नाव शोभतं, पानावर मिशा आपटत आपटत त्या अळीचा मागच काढत असतात.

अळूवडी
मुंगूसमाशी! मराठीत हेच नाव ठेवून टाका की. मी आजपासून हेच म्हणणार.

ओवीबद्ध
माझं अनुमोदन. कृषीच्या फलकांवर सगळ्यांना सरसकट ‘मित्रकीटक’ म्हणून मोकळे होतात, तेवढ्याने ओळख होत नाही.

रानजाई
मुंगूसमाशी गोड आहे, पण कुळात हजारो जाती आहेत, नोंद करताना शास्त्रीय नाव लागणारच. दोन्ही असू देत. आपल्याकडे सहज दिसणारी झँथोपिम्प्ला घ्या. ‘झँथोस’ पिवळा. पिवळीधमक, पोटावर काळ्या ठिपक्यांच्या जोड्या, म्हणून एका जातीचं नाव पंक्टाटा, ठिपक्यांची. भाताच्या बांधावर उभं राहिलात तर दिसेलच. आता मराठीत हिला ‘पिवळी ठिपकेवाली मुंगूसमाशी’ म्हटलं तर तेच शास्त्रीय नाव झालं!

सडाफटिंग
पावसात रात्री दिव्यावर तपकिरी, लांब पायांच्या, कमानीसारखं पोट असलेल्या माश्या येतात. त्याही ह्यातल्याच ना? आमच्याकडे पोरं घाबरतात.

रानजाई
ह्यातल्याच. एनिकोस्पायलस असेल तर पुढच्या पंखात एक उघडा, केस नसलेला भाग असतो आणि त्यात मधाच्या रंगाचा बारीक ठिपका. नावातला ‘स्पायलस’ म्हणजे ठिपका, तोच हा. ही सहसा काही करत नाही. तशीच दिसणारी नेटेलिया मात्र हातात पकडली तर टोचते, म्हणून पोरांना पकडू देऊ नका, नुसतं बघू द्या.

केवडा
एक विचारते, कुणी हसू नका. हे सगळं वाचून मला त्या अळीची दया येते. जिवंतपणी आतून खाल्लं जाणं. हे फार क्रूर नाही का?

पडवीतला_दिवा
हसण्यासारखं काहीच नाही. डार्विनला हाच प्रश्न पडला होता. १८६० मध्ये एसा ग्रे ह्या मित्राला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की सुरवंटाच्या जिवंत शरीरात खात राहावं ह्या हेतूनेच एखाद्या दयाळू, सर्वशक्तिमान देवाने इक्न्यूमॉनिडी निर्माण केल्या असतील, हे मला पटवून घेता येत नाही. तुम्ही अगदी नेमक्या जागी अडखळलात.

नारळीपोफळी
दया मलाही येते. पण ह्या माश्या नसत्या तर अळू, भात, माड, काहीच उरलं नसतं. आणि केवडाताई, ह्यातही कमाल आहे: कित्येक ब्रॅकोनिडी मादी अंड्याबरोबर अळीच्या अंगात एक विषाणूही सोडते. तो अळीची प्रतिकारशक्ती बंद पाडतो, म्हणून अंडं जगतं. हा विषाणू त्या माशीच्या स्वतःच्या गुणसूत्रांतच पिढ्यान्‌पिढ्या बसलेला असतो.

दर्यावर्दी
माणसांची नावं पण देतात ना किड्यांना? सचिनच्या नावाने काहीतरी होतं.

कातळसडा
तो कोळी, मारेंगो सचिनतेंडुलकर. पण मला त्याहून जवळचा आयसिअस तुकारामी वाटतो. ठाणे परिसरात सापडलेला उड्या मारणारा कोळी, २०२१ मध्ये तुकाराम ओंबळ्यांच्या नावाने नोंदवला. सहसा पुरुषाच्या नावाला शेवटी ‘ई’ आणि बाईच्या नावाला ‘ए’ लावतात, पण सचिनच्या कोळ्यासारखं नाव जसंच्या तसंही ठेवता येतं.
माश्यांत आपल्या देशाशी जोडलेलं नाव म्हणजे कोटेशिया. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये कीटकांचं काम पाहणारे कोट्स होते, त्यांच्यावरून पीटर कॅमेरॉनने १८९१ मध्ये ठेवलं. कोटेशिया फ्लॅव्हिपीस, म्हणजे पिवळ्या पायांची. ही खोडकिडीवर चालते, आणि १९९३ मध्ये मक्याच्या खोडकिडीसाठी केनियात नेऊन सोडली गेली.
गंमतही असते. अमेरिकेतल्या पॉल मार्श ह्यांनी १९९३ मध्ये एका ब्रॅकोनिडी माशीचं नाव ठेवलं ‘हीर्झ टूया’. मोठ्याने म्हणून पाहा, इंग्रजीत पेला उंचावताना म्हणतात ते ऐकू येईल. त्यांचीच दुसरी ‘पनामा कॅनालिया’.

अळूवडी
मोठ्याने म्हटलं. नवरा स्वयंपाकघरातून विचारतोय, कुणाला बोलावतेस.

सुरंगी
मंडळी, डबीत माश्या निघाल्या! प्रत्येक कोषाच्या टोकाला गोल झाकण कापलंय, काही झाकणं अजून एका बाजूने लटकतायत. माश्या काळ्या, पाय तांबूस-पिवळे, मिशा सरळ आणि अंगाएवढ्या लांब. रानजाईंनी सांगितलं तसा पंखाचा फोटो वरून घेतलाय, बाहेरची दुसरी आडवी शीर दिसत नाही. पोट खरंच तोकडं. पण दोन-तीन अगदी वेगळ्या आहेत, निम्म्याहून लहान, हिरवट चमकणाऱ्या, मिशा वाकलेल्या. ज्या कोषांतून त्या आल्या त्यांचं झाकण गोल कापलेलं नाही, बाजूला वेडंवाकडं भोक आहे. सासूबाईसुद्धा भिंग घेऊन बसल्या आहेत.

रानजाई
सुरंगीताई, फार छान पाहिलंत! काळ्या त्या मायक्रोगॅस्ट्रिनी, तुम्हीच ओळखल्यात. हिरव्या त्या कॅल्सिड, आणि त्या अळीवर आलेल्याच नाहीत. त्या माशीच्या कोषावर आल्या, म्हणजे परजीवीवरच्या परजीवी. भोक वेगळं, कारण कापणारी वेगळी. दोन्ही वेगवेगळ्या कुपीत ठेवा आणि कोणती कोणत्या कोषातून आली ते चिठ्ठीवर लिहा. काळ्या अळूवर सोडून द्या, दोन-चार नमुन्याला ठेवल्या तरी पुरे.

सुरंगी
आणि हिरव्या?

रानजाई
हिरव्यांचा फोटो टाका. कॅल्सिडांवर केरळच्या कालिकत विद्यापीठात टी. सी. नरेंद्रन ह्यांनी आयुष्यभर काम केलं, त्यामुळे ह्या गटाचं आपल्याकडचं काम चांगलं झालेलं आहे. कुळापर्यंत तरी नक्की पोचू.

माडवाला
परत एक प्रश्न. वडिलांच्या प्रशिक्षण वर्गाच्या जुन्या वहीत माडाच्या अळीसाठी ‘पेरिसिएरोला नेफँटिडिस’ लिहिलंय. ही गोनियोझसहून वेगळी माशी का? आणि केंद्राच्या पत्रकात गोनियोझसच्या पुढे कंसात ‘म्युझबेक’ आहे, तो कोण?

कातळसडा
एकच माशी. म्युझबेक हे अमेरिकन कीटकतज्ज्ञ, त्यांनी १९३४ मध्ये तिचं वर्णन केलं आणि तिला पेरिसिएरोला ह्या प्रजातीत (म्हणजे नावातला पहिला शब्द) ठेवलं. नंतर ती गोनियोझसमध्ये गेली. प्रजाती बदलली की मूळ वर्णन करणाऱ्याचं नाव कंसात टाकतात, न बदललेल्याचं कंसाबाहेर. तो कंस दिसला की समजायचं, जुन्या पुस्तकात हिचं पहिलं नाव वेगळं असणार. वडिलांची वही बरोबर आहे, जपून ठेवा. त्यात अळी कोणत्या महिन्यात वाढली असं काही लिहिलं असेल तर इथे टाकाल का?

माडवाला
आहे की. मार्गशीर्षापासून नोंदी आहेत, कुठल्या माडाच्या किती झावळ्या ते पण. उद्या फोटो काढून टाकतो.